कुंडलिक सरांची ‘जमिनीवरची पद्धत’

शहापुरातल्या कुंडलिक वेखंडे सरांच्या घरात शिरलं की समोरच्या भिंतीवर एक रिकामा खिळा दिसतो. साधासुधा नाही, चांगला बोटभर लांब, पितळी टोपीचा. घर बांधलं त्या वर्षी सरांनी तो स्वतःच्या हातानं ठोकला. गवंड्यानं विचारलं, “सर, इथं काय लावायचा हाय?” सर म्हणाले, “आदर्श प्रशिक्षक पुरस्कार.” “अरे वा! कधी मिळाला?” “मिळायचाय.” गवंडी बिचारा गिलाव्याकडं वळला. त्याला अठरा वर्षं झाली. भावनावहिनी, म्हणजे सरांची बायको, त्या खिळ्याला कधी कॅलेंडर लावतात, कधी बाजाराची पिशवी. सर शाळेतून आले की पिशवी काढून खाली ठेवतात, सरांची पाठ वळली की वहिनी ती पुन्हा अडकवतात. खरं सांगायचं तर सरांच्या हयातीत नेमानं चाललेला खेळ तेवढा एकच.

सर शाळेत पीटी शिकवतात. वय चोपन्न, पोट पुढं, आवाज पोटाच्या पुढं, आणि गळ्यात अष्टौप्रहर शिट्टी. लग्नाला जातानासुद्धा ती उतरत नाही. एकदा मेव्हण्याच्या वरातीत घोडा बुजला म्हणून सरांनी शिट्टी मारली, तर घोडा नवऱ्यामुलासकट थेट हायवेपर्यंत गेला. सर अजून म्हणतात, घोडा नवशिका होता.

फुटबॉल काही सरांनी निवडला नव्हता, तो त्यांच्या गळ्यात पडला. तेरा वर्षांपूर्वी कुठल्याशा संस्थेनं शाळेला वीस बॉल पाठवले. मुख्याध्यापकांनी खोकं उघडलं, आत बघितलं आणि म्हणाले, “वेखंडे, हे तुमचं काम.” त्या दिवसापासून सर कोच झाले. आदल्या दिवसापर्यंत ते खो-खोचे कोच होते, तेसुद्धा असेच.

सरांचा कोचिंगचा सिद्धान्त मात्र पक्का होता. संघ हरला की पोरी वाईट, संघ जिंकला की कोच थोर. पहिली नऊ वर्षं या सिद्धान्ताचा पहिला अर्धा भागच वापरात होता. मुलींचा संघ न्यायचा, तालुक्याला सात गोल खायचे, येताना वाटेत सगळ्यांना वडापाव द्यायचा आणि स्टाफरूममध्ये शिरता शिरता सांगायचं, “मालच असा आलाय तर कारागीर काय करणार, सांगा!” कारागिराचं सामान म्हणजे ती शिट्टी आणि ‘अगं पळा गो!’ हे एक वाक्य. पण ते कोण बोलणार?

आणि मग चार वर्षांपूर्वी उंबरमाळीच्या वरच्या खैरपाड्यातून आठ पोरी आठवीला आल्या. पाड्यावर शाळा सातवीपर्यंत, म्हणून त्यांना शहापुरात वसतिगृहात घातलं. बारीक चणीच्या, काटक, आपापसांत आपल्या बोलीत बोलणाऱ्या आणि सरांशी फक्त ‘हो सर’ एवढंच बोलणाऱ्या. त्यांची म्होरकी अंजू, पाड्यावरच्या मंगळूची थोरली. सरांनी पहिल्या दिवशी त्यांच्यासमोर बॉल टाकला आणि बघत उभे राहिले.

पोरी खेळायला लागल्या तसा सरांना राग यायला लागला. बॉल गुडघ्याच्या वर येईचना! हिच्याकडून तिला, तिच्याकडून हिला, सगळं दोन-चार पावलांतलं, जमिनीला चिकटून. कुणी जवळ आलं की बॉल गेलाच दुसरीच्या पायात. सरांनी शिट्टी फुंकली. “अगं, खाली बघून शेणी थापताय काय? उचला की बॉल! लांब मारा!”

अंजू म्हणाली, “हो सर.”

आणि पुन्हा तेच. सर महिनाभर ओरडले, पोरी महिनाभर ‘हो सर’ म्हणाल्या आणि खेळल्या आपल्याच मनानं. सरांनी वहिनींना सांगितलं, “जंगली हट्टी पोरी आहेत. कोचचं ऐकत नाहीत. यंदा दहा गोल खाणार.”

त्या वर्षी खाल्ले नाहीत, घातले. तालुक्यात सहा-शून्य, जिल्ह्यात चार-शून्य, आणि फायनलला मुरबाडच्या संघावर आठ-शून्य! हाफटाइमला सर घामानं थबथबून सांगत होते, “लांब मारा, अगं लांब मारा!” पोरी पाणी पीत ‘हो सर’ म्हणत होत्या. सामना संपला आणि एका स्थानिक पेपरचा वार्ताहर सरांच्या तोंडापुढं मोबाइल धरून विचारता झाला, “सर, या खेळाचं रहस्य काय?” सरांनी मैदानाकडं बघितलं. बॉल तिथंच जमिनीवर पडला होता. उचलली जीभ लावली टाळ्याला, सर म्हणाले, “ही आमची जमिनीवरची पद्धत. अनेक वर्षांच्या चिंतनातून आलेली.”

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. खाली मथळा, ‘शहापूरचे द्रोणाचार्य’. सरांनी पेपरच्या अकरा प्रती घेतल्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. फरक इतकाच की नागोबा निदान बीळ मीच खणलं असं सांगत फिरत नाही.

मग सत्कार झाला. शहापुरातल्या हॉलमध्ये शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. वहिनी पुढच्या रांगेत, आजूबाजूच्या तालुक्यांतले पीटी शिक्षक मागं. त्यांत आठ गोल खाल्लेला मुरबाडचा कोचही होता, धनेश म्हणून. वैशाखऱ्याचा पोरगेलासा गडी, कंत्राटावर लागलेला, शिट्टी गळ्यात नाही तर खिशात ठेवणारा. जिल्ह्याच्या क्रीडा समितीचे एक साहेब भाषणात म्हणाले, “सलग चार वर्षं जिल्हा जिंकणाऱ्या प्रशिक्षकाची शिफारस आम्ही आदर्श पुरस्कारासाठी नक्की करू.” सरांच्या डोळ्यांपुढं खिळा चमकून गेला. एक वर्ष झालं, तीन राहिली. त्या दिवसापासून सरांना झोपेतसुद्धा चारच दिसायला लागले.

शेवटी सूत्रसंचालकानं अंजूच्या हातात माइक दिला. “सांग बाळ, बॉल असा जमिनीवर ठेवायला तुला कुणी शिकवलं?” सरांनी शाल सावरली, मान थोडी खाली घातली, माणूस लाजायच्या तयारीत असतो तशी.

“रखमीकाकीनं,” अंजू म्हणाली.

सूत्रसंचालक म्हणाला, “म्हणजे… त्या पण कोच आहेत का?”

“नाय. तिचा वाल हाय. आमी बाबाच्या खाचरात खेळायचो ना, तर त्याच्या तिन्ही अंगांना रखमीकाकीचं शेत. भात निघाला का ती वाल पेरते. बॉल वालात गेला का काकी कोयत्यानं कापायची. पाड्याला बॉल एकच. कापला तर वर्षभर दुसरा नाय. म्हणून कुणी वर मारायचा नाय, लांब मारायचा नाय. जिनं मारला तिला सगळ्या मिळून बदडायच्या.”

हॉल खो खो हसला. सगळ्यांत मोठ्यानं कुंडलिक सर हसले. माइक घेऊन म्हणाले, “आमच्या पोरी अशा विनोदी आहेत बघा! दडपण घालवायला मीच सांगतो त्यांना, हसतखेळत बोलत जा.” टाळ्या झाल्या. मागच्या रांगेत एकटा धनेश हसला नाही. तो खिशातून पेन काढून निमंत्रणपत्रिकेच्या मागं काहीतरी लिहीत होता.

पंधरा दिवसांनी अंजूच्या हातून सरांच्या घरी फडक्यात बांधलेले पाच शेर वाल आले. रखमीनं पाठवले होते, ‘आमच्या पोरींना सांभाळतात त्या सरांना’ म्हणून. वहिनींनी बिरडं केलं. असे वाल की ताटात वाढेपर्यंत वास शेजारच्या आळीला गेला. सरांनी तीनदा घेतलं, बोटं चाटली आणि म्हणाले, “पोरींना कोचची किंमत कळायला लागली.”

त्याच सुमाराला मुरबाडला शिक्षकांचं शिबिर भरलं आणि सरांचं व्याख्यान ठेवलं. विषय, ‘जमिनीवरची पद्धत: शास्त्र आणि साधना’. सर पाऊण तास बोलले. फळ्यावर बाण काढले, गोल काढले, मध्येच एक पाटी काढली, ‘बॉल पृथ्वीचा आहे, पृथ्वीवरच राहू द्या’. शेवटी म्हणाले, कुणाला शंका?

धनेश उठला. “सर, नऊ वर्षं तुमच्याकडं शहापूरच्याच मुली होत्या. त्यांना तुमी ही पद्धत का नाय शिकवली?”

“त्यांच्यात ते गुण नव्हते.”

“मग ज्यांच्यात आहेत त्यांना तुमी काय शिकवलं?”

मंडळी चुळबुळली. सरांचे कान लाल झाले. धनेश भांडखोर नव्हता, पण थांबणाराही नव्हता. “राग मानू नका सर. पोरगी किती चांगली खेळते यावरून कोच मोजायचा तर मग तिचा आयबाप, तिचा डोंगर, सगळ्यांनाच पुरस्कार द्यायला हवा. मला वाटतं, आपल्याकडं आली तेव्हा ती कशी होती आणि गेली तेव्हा कशी झाली, मधला तुकडा तेवढा आपला. बरं, तुमी एकदा तरी त्या पाड्यावर गेलात का?”

“कोल्ह्याला द्राक्षं आंबट!” सर गरजले. “आठ गोल खाल्लेत, आठ! आधी ते पचवा.” शिबिर हसलं, धनेश बसला. पण घरी येताना सरांना ते शेवटचं वाक्य चप्पलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं. पाड्यावर ते कधीच गेले नव्हते. मग पुढच्या रविवारी गेले. आणि तिथंच सगळा घोळ झाला.

उंबरमाळीला उतरून तासभर चढ चढल्यावर धापा टाकत सर खैरपाड्याला पोचले. मंगळूनं खाट टाकली, पाणी दिलं आणि पोरींचं ‘ग्राउंड’ दाखवायला नेलं. ते बघून सरांना रडूच यायचं बाकी राहिलं. चार खाटा टाकल्या तर पाचवीला जागा नाही एवढं वेडंवाकडं खाचर, भाताची खोडकं तशीच टोचताहेत, तिन्ही अंगांना गुडघाभर बांध आणि बांधापलीकडं हिरवागार वाल. बांधावर कोयता मांडीवर घेऊन रखमी बसलेली. पन्नाशीची, अंगानं खारकेसारखी, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. खाचरात पाचवी-सहावीतल्या दहाबारा चिमुरड्या बॉलमागं नाचत होत्या. एकीचा पाय जरा जोरात बसला, बॉल बांधाला थडकून आत आला, आणि रखमी ओरडली, “ए सटवे, ध्यान कुठं हाय? आज कापीनच बघ!” पुढचा बॉल सापासारखा जमिनीवरून गेला.

सगळं सरांच्या डोळ्यांदेखत घडलं बरं का! पण डोळे असणं वेगळं आणि दिसणं वेगळं. सर मंगळूला म्हणाले, “एवढ्याशा उकिरड्यात खेळून पोरी अशा तयार होतात. मग मोठं मैदान मिळालं तर काय होईल? देश गाजवतील रे, देश!”

मंगळू म्हणाला, “पण सर, मोठा मैदान करायचा म्हणजे रखमीचा शेत जाईल.”

“विकासात थोडं सोडावं लागतं,” सर म्हणाले. आता सोडणारी रखमी आणि मिरवणारे सर, हा विकास सरांना मान्य होता.

मग सर झपाटले. पेपरातलं कात्रण फायलीला लावून दारोदार हिंडले. कसा तरी निधी मंजूर झाला. पाड्याची सभा भरली. दोन्ही शेतं एक करायची, बांध फोडायचे, वर मुरुम टाकून रोलर फिरवायचा. सगळे रखमीकडं बघायला लागले. तिनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, “पावसात भात आणि थंडीत वाल, दोन्ही याच तुकड्यात होतात सर. वरती माळाला नुसती नाचणी होते.”

सर म्हणाले, “रखमीबाई, वाल काय, बाजारात मिळतात. पोरींचं आयुष्य बाजारात मिळतं का?”

सभेत बायाबापड्यांनी माना डोलावल्या. कुणी म्हणालं, पोरींसाठी दे गो. रखमीनं आठ पोरींच्या आयांकडं बघितलं, आणि बघता बघता तिचा चेहरा उतरला. सरांनी संमतिपत्र पुढं केलं, शाईचा डबा उघडला आणि रखमीनं त्यावर अंगठा दिला. पेपरात एकदा द्रोणाचार्य छापून आल्यावर अंगठा मागणं ओघानंच आलं म्हणा! त्या पहिल्या द्रोणाचार्यांना निदान ठाऊक होतं, आपण काय मागतोय ते.

मे महिन्यात मैदान झालं. जेसीबीनं बांध काढले, डंपरनं मुरुम आणला, रोलरनं दगडासारखा दाबला. लालभडक, सपाट, या टोकाचा माणूस त्या टोकाला ओळखू येणार नाही एवढं. दोन्ही बाजूंना लोखंडी गोलपोस्ट, शिवाय निधीतूनच पोतंभर नवे बॉल. फलक लागला, ‘प्रेरणा: श्री. कुंडलिक वेखंडे सर’. उद्घाटनाला रखमीला बोलावून मागच्या रांगेत प्लास्टिकची खुर्ची दिली. नारळाचा तुकडा हातात घेऊन ती शेवटपर्यंत बसली. नंतर ती कसाऱ्याला जंगलातली भाजी, करवंदं, काय मिळेल ते विकायला जायला लागली.

नाचता येईना, अंगण वाकडं, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. इथं अंगण वाकडं होतं म्हणूनच पोरी नाचत होत्या, आणि सरांनी जाऊन अंगण सरळ करून ठेवलं!

दुसरं वर्ष जिंकलं, तिसरंही जिंकलं. अंजूच्या आठ जणी नववी-दहावीत होत्या, त्यांच्या पायातला धाक काही मैदानामुळं जाणारा नव्हता. सर मात्र सांगायचे, बघा मैदानाचा परिणाम. धनेशचा संघ पहिल्या वर्षी आठ गोलांनी हरला होता, दुसऱ्या वर्षी पाचांनी, तिसऱ्या वर्षी फक्त दोनांनी. सर म्हणाले, “हरण्यातसुद्धा प्रगती! वा!” तेवढे वाल मात्र पुन्हा आले नाहीत. वहिनींनी दोनदा विचारलं, “उंबरमाळीचे वाल यंदा नाय का आले?” सर म्हणाले, “बाजारातून आण.”

दहावी झाली, अंजू पुण्याला एका क्लबात गेली, बाकीच्याही पांगल्या. आणि चौथ्या वर्षी, म्हणजे गेल्या थंडीत, खैरपाड्याची नवी तुकडी सरांच्या हाती आली. नऊ पोरी. दोन वर्षं सरांच्या मैदानावर वाढलेल्या, दोन वर्षं भरपूर बॉल मिळालेल्या, सुट्टीत घरी आलेली अंजू ‘बॉल खाली ठेवा’ सांगायची तेही ‘आता कशाला?’ म्हणून हसण्यावारी नेलेल्या. सरांनी पहिल्या दिवशी बॉल टाकला. पहिल्याच पोरीनं असा काही टोला दिला की बॉल शाळेच्या पत्र्यावर गेला. सर खूश झाले. “वा! ताकद बघा!” आठवडाभरात पत्र्यावर बॉल इतके जमले की शिपायाला शिडी लावावी लागली.

सर ओरडायला लागले, “खाली ठेवा! जमिनीवर! आपली पद्धत आहे ती!” पोरी ‘हो सर’ म्हणायच्या आणि पुन्हा आभाळात मारायच्या. गंमत बघा, चार वर्षांपूर्वी सर ‘लांब मारा’ म्हणायचे तेव्हा पोरींनी ऐकलं नाही, आता ‘खाली ठेवा’ म्हणतात तरी ऐकत नाहीत. सरांचं आजपर्यंत कुणी ऐकलेलंच नव्हतं, हे मात्र सरांना अजून उमगलं नव्हतं.

फायनल मुरबाडला होती. कशीबशी तिथवर मजल गेली, दोन संघ आलेच नाहीत म्हणून. समितीचे ते साहेब पुढच्या खुर्चीत. सरांनी नवा सफारी घातला होता, आणि घरून निघताना खिळ्यावरची पिशवी स्वतः काढून कपाटात ठेवून आले होते. समोर धनेशचा संघ. शिट्टी झाली, आणि पहिल्या पाच मिनिटांत सर खुर्चीतून उठून उभे राहिले. मुरबाडच्या पोरी बॉल उचलतच नव्हत्या! हिच्याकडून तिला, तिच्याकडून हिला, दोन-चार पावलांत, जमिनीला चिकटून. इकडं सरांच्या पोरी बॉल आला की डोळे मिटून टोला हाणत होत्या. एक बॉल तर हायवेवरच्या ट्रकमध्ये पडला आणि माळशेज चढून गेला म्हणतात.

चार-शून्य. सर हरले.

सर साहेबांपाशी धावले. “साहेब, बघितलंत ना? माझी पद्धत! माझी पद्धत चोरली त्यांनी! म्हणजे एका अर्थी ही माझीच जीत नाही का?” साहेब चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, “वेखंडे सर, पद्धत तुमची, मग ती तुमच्या पोरींना कशी नाही येत?” सरांना आठवलं, हाच प्रश्न आधी कुणीतरी विचारला होता. धनेश हात मिळवायला आला. सरांनी दोन बोटं दिली आणि सवयीनं म्हणाले, “यंदा मालच तसा होता.”

रात्रीच्या जेवणाला वहिनींनी वालाचं बिरडं वाढलं. बाजारचे वाल, किती शिजवले तरी दाताखाली करकर. सर वैतागले, “हे काय वाल आहेत?”

वहिनी म्हणाल्या, “मग काय करू? ज्या वालांना चव होती त्यांच्यावर तुमी रोलर फिरवला.” सर काही बोलणार तोच त्या पुढं म्हणाल्या, “बरं, मी म्हणते, ती अंजू त्या सत्काराला सांगत होती ना, बॉल वालात गेला का रखमी कापायची म्हणून? आता वालच नाय, तर पोरी भिणार कुणाला? मला फुटबॉलातलं कळत नाय, आपलं सहज विचारते.”

सरांचा घास हातातच राहिला. तेरा वर्षांचं कोचिंग, पाऊण तासाचं व्याख्यान, फळ्यावरचे बाण, पृथ्वीची पाटी, सगळं त्या एका घासाशी येऊन थांबलं. वहिनींना वाटलं, ठसका लागला. त्यांनी पाणी दिलं. सर पाणी प्यायले नाहीत. सत्काराच्या दिवशी आपण सगळ्यांत मोठ्यानं हसलो होतो, हे त्यांना आठवलं, आणि इतकी लाज वाटली की ताटावरून उठून ते मोरीत जाऊन नुसतेच उभे राहिले.

पण माणूस तसा जिद्दीचा. पुढच्या रविवारी सर पुन्हा खैरपाड्याला गेले. पिशवीत बाजारातून आणलेलं चांगलं पायलीभर वालाचं बियाणं. रखमी दारात बसून कसाऱ्याला न्यायच्या भाजीच्या जुड्या बांधत होती. सर खाली जमिनीवरच बसले. रखमीनं बघितलं, आतून पाणी आणून दिलं.

“रखमीबाई, चूक झाली,” सर म्हणाले. सरांच्या तोंडून हे दोन शब्द भावनावहिनींनीसुद्धा कधी ऐकले नव्हते. “मैदानाच्या तिन्ही अंगांना वाल लावू. पुन्हा पूर्वीसारखं करू. मी बी आणलंय.”

रखमीनं पिशवीत हात घालून दाणे बोटांवर घेतले, चाळले आणि परत सोडले. “मुरमात वाल येत नाय सर. रोलर फिरवलाय त्याच्यावर. कुदळ पन जात नाय आत.”

“मग तुमचं बियाणं द्या. गावठी आहे, कसंही येईल.”

“ते नाय माझ्याकडं. मैदान झाला त्याच सालात ते मुरबाडचे सर आलते. बोलले, आमच्या वैशाखऱ्याला एक खाचर हाय, त्याच्या बांधापलीकडं लावतो. बोलले, तुमच्यासारखी एक बाय पन शोधतो, कोयता घेऊन बसायला. माझी जमीन गेलीच होती, बी ठेवून काय करू? दिला सगळा.”

सरांनी बियाण्याच्या पिशवीचं तोंड पुन्हा बांधलं. खाली मैदानावर पोरींचा गलका चालला होता. एक बॉल आभाळात उंच गेला, मैदानाबाहेर, पार खालच्या रानात दिसेनासा झाला, आणि पोरी हसत दुसरा घेऊन खेळायला लागल्या. बॉलला आता काय तोटा होता?

सरांनी गळ्यातली शिट्टी काढून हातात घेतली. “रखमीबाई, एक ऐका. वाल नसू दे. तुमी नुसत्या येऊन बसा कडेला. पूर्वी बसायचात तशा. कोयता घेऊन.”

रखमीनं जुडीची गाठ आवळली, टोपलीत टाकली आणि पहिल्यांदाच सरांच्या डोळ्यांत बघितलं.

“बसते की सर,” ती म्हणाली, “पन राखू काय?”